भानुशेठचं नाक

"ताडपत्रीला हात लावला तर हात मोडीन तुझा! उतर खाली आधी! लाकूड हाय ते, नवरी न्हाई, तोंड बघायची घाई कशाला?"

भानुशेठ ओरडत होता. ट्रकवर चढलेला हमाल दोर अर्धा सोडून तसाच लोंबकळत राहिला. आवाज असा की चाकणच्या रस्त्यावरचे कंटेनर ब्रेक मारून उभे राहावेत, इंद्रायणीत डुंबणाऱ्या म्हशींनी कान टवकारावेत आणि तिकडं आळंदीत मृदंग शिकणाऱ्या मुलांचा ठेका चुकावा. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर तुम्ही भानुशेठला ऐकलेलं नाही, एवढंच म्हणतो.

हमाल उतरला. मग भानुशेठनं ट्रकला एक प्रदक्षिणा घातली. अंगात सफारी, डोक्यावर पांढरी टोपी आणि पायात कुठल्याशा कंपनीनं भेट दिलेले लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. त्या बुटांच्या नाड्या त्यानं जन्मात कधी बांधल्या नाहीत. मागच्या फाळक्यापाशी तो थांबला, डोळे मिटले, ताडपत्रीच्या सुरकुतीत नाक खुपसलं आणि श्वास घेतला. श्वास कसला, बोअरवेलचा पंपच तो. ताडपत्री दोरासकट त्याच्या नाकाकडं ओढली गेलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. आजूबाजूच्या शेडमधले कटर थांबले. खिळे ठोकणाऱ्यांचे हात हवेत राहिले.

"थोरला," भानुशेठ म्हणाला.

थोरला म्हणजे न्यूझीलंड. ते का, ते पुढं सांगतो. ताडपत्री निघाली आणि आत खरोखरच न्यूझीलंडचा पाइन निघाला, पिवळसर, गाठीगाठींचा, अंगठ्याएवढ्या रुंद कड्यांचा, म्हणजे झाडाच्या वर्षावर्षाच्या वाढीच्या वर्तुळांचा. टाळ्या पडल्या. भानुशेठनं नाक रुमालानं असं पुसलं, जसं एखाद्या पैलवानानं कुस्ती मारून मांडी झाडावी. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हातांनी वाजवत होतो. पोटात काय पेटलं होतं, ते पोटालाच ठाऊक.

आता माझी ओळख थोडक्यात, कारण ही गोष्ट माझी नाही, दुर्दैवानं त्याचीच आहे. मी मूळचा बार्शीचा. मोशीच्या पुढं लाकडी पेट्या आणि पॅलेट, म्हणजे मालाखालच्या लाकडी चौकटी, बनवायची शेड टाकली आणि नशिबानं शेजारी दिला भानुशेठ. दोघांमध्ये एकच पत्रा. तो मूळ गावकरी. ज्या जमिनीत त्याच्या आज्यानं कांदा लावला, तीत नातवानं शेड उभी केली. म्हणजे भाडं नाही. मी भाडेकरू, तेही दुसऱ्याच्या जमिनीत. जळायला एवढं एक कारण पुरलं असतं, पण भानुशेठ मला रोज नवं द्यायचा.

लोकांना वाटतं चाकण पोलादावर चालतं. साफ चूक. इथं बनलेलं करोडोचं यंत्र परदेशी जायचं तर ते आमच्या पेटीत बसून जातं. पेटी नसेल तर जर्मनीला पोचेल तो भंगाराचा ढीग. आणि ही पेटी बनते पाइनच्या मऊ लाकडाची, जे आपल्या मावळात उगवत नाही. ते येतं समुद्रापलीकडून. म्हणून पेटीवाल्याच्या धंद्यात एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: यंदा लाकूड कुणाचं घ्यायचं, न्यूझीलंडचं की जर्मनीचं? ज्याला हे आधी कळलं तो तरला. आणि आमच्या अख्ख्या पट्ट्यात हे कळायचं ते, लोकांच्या मते, फक्त भानुशेठच्या नाकाला. माझी त्या काळात एकच इच्छा होती. देवानं दुसरं काही देऊ नये, पण हे नाक एकदा, चारचौघांत, चुकताना मला दाखवावं.

भानुशेठची एक खुर्ची होती. स्वतःच बनवलेली. तिचा डावा हात न्यूझीलंडच्या लाकडाचा आणि उजवा जर्मनीच्या. शेडच्या दारात ती मांडून तो बसायचा, आणि ज्या देशाची चलती असेल त्या हातावर कोपर टेकायचा. बस्स, एवढंच. पण गल्लीतले पेटीवाले सकाळी कामाला जाताना मुद्दाम त्याच्या दारावरून गाड्या घ्यायचे, कोपर कुठलं टेकलंय ते बघायला. मुंबईत शेअर बाजार आहे म्हणतात. आमच्याकडं भानुशेठचं कोपर होतं. एकदा त्याच्या डाव्या खांद्याला उसण भरली आणि तो आठवडाभर उजवीकडं रेलून बसला, तर तेवढ्यात तीन जणांनी जर्मनीच्या लाकडाचे सौदे केले. आणि भाव वाढून ते फायद्यातही गेले. उसणसुद्धा त्याची शुभ.

तो या दोन देशांना साडू म्हणायचा. न्यूझीलंड थोरला साडू, जर्मनी धाकटा, आणि सासरा म्हणजे आपण. दुपारच्या सुट्टीत लोक डबे घेऊन त्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचे आणि तो सांगायचा. थोरला लांबच्या गावचा. ऊन-पाऊस भरपूर, जमीन कसदार, त्यामुळं खाऊन-पिऊन माजलेला, म्हणून त्याच्या कड्या रुंद. हा सासरवाडीला यायचा तो अंघोळ न करता, सालीसकट, ओंडका तसाच जहाजात टाकून. कांडल्याला उतरायचं, गांधीधामच्या गिरणीत कापून घ्यायचं, मग ट्रकनं इकडं. धाकटा थंडीतला. हळूहळू वाढलेला, म्हणून कड्या बारीक. पण टापटीप. घरूनच मापात कापून, पट्टी आवळून, कंटेनरमध्ये बसून न्हावाशेवाला उतरणारा. भानुशेठच्या शब्दांत सांगायचं तर थोरला गठुडं घेऊन येतो आणि धाकटा इस्त्री करून.

पहिली कैक वर्षं थोरल्याचीच चलती. इथं पेटी म्हटलं की न्यूझीलंडच. मग धाकट्याच्या गावात पाऊस हटला, झाडं सुकली आणि सालीखाली किडा शिरला. डोंगरच्या डोंगर उभे वाळले. लाकूड सडायच्या आत विकायला हवं, म्हणून धाकटा मिळेल त्या भावात दारोदार फिरू लागला आणि आपल्याही दारात आला. नेमका त्याच सुमाराला थोरला रुसला. त्याला इकडं येण्याआधी किडामुंगी मारायची धुरी घ्यावी लागते, आणि त्या धुरीवर त्याच्याच घरच्यांनी कडक नियम घातले. शिवाय त्याला वाटेत चीन भेटायचा, आणि चीनकडं पाहुणचार मोठा. "आपल्या ताटात वरणभात, तिकडं श्रीखंडपुरी. कोन कशाला यील?" असं भानुशेठ म्हणायचा आणि लोक मान डोलवायचे, जणू सासरवाडीला कमी वाढल्याची त्यांनाच लाज वाटत होती.

पुढं धाकट्याचं किडकं लाकूड संपत आलं, जहाजाचं भाडं चढलं आणि धाकट्यालाही मान हवा झाला. मग चीनमधली घरबांधणी थंडावली, श्रीखंडपुरी बंद झाली आणि थोरल्याला पुन्हा जुन्या सासऱ्याची आठवण आली. झालं. एवढाच दोन देशांचा व्यापार. शेडमधला खिळे मारणारा गडीसुद्धा हे घरी जाऊन बायकोला सांगू शकत होता.

हेच मी कॉम्प्युटरवर केलं होतं. आता ऐका. भानुशेठ नुसत्या तोंडानं सांगतो, तर आपण आकडेवारीनं सांगू, अशी मी हिंमत बांधली. सरकारी साइटी धुंडाळल्या, परदेशी साइटी धुंडाळल्या, डोळ्यांचा चुना झाला. दोन देशांकडून वर्षागणिक किती लाकूड आलं, याचा आलेख काढला. न्यूझीलंडची रेघ हिरवी, जर्मनीची तांबडी. मोशीच्या एका कार्यालयात पेटीवाल्यांची बैठक होती, तिथं पडद्यावर लावला. तासभर बोललो. असा बोललो की माझा मलाच अभिमान वाटून मध्ये पाणी प्यावं लागलं.

संपल्यावर शेवटच्या रांगेतून भानुशेठ उठला. म्हणाला, "बार्शीकर, लई झ्याक. फकस्त एवढं सांगा, ह्या दोन रेघा इथं एकमेकीला कापत्यात, ते दोघं साडू दारात समोरासमोर आले तवाचं का?"

कार्यालय हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं. एका म्हाताऱ्या पेटीवाल्याची कवळी पुढच्या रांगेत जाऊन पडली. आणि वाईट काय, तर ते बरोबर होतं. तीच जागा, तेच वर्ष. माझ्या तासाभरात ज्यांना काही कळलं नव्हतं त्यांना त्या एका वाक्यात सगळं कळलं. त्या दिवसापासून माझ्या आलेखाचं नाव पडलं 'भानुशेठच्या साडूंचा नकाशा'. तो नकाशा अजून कुणाकुणाच्या ऑफिसात चिकटवलेला आहे. खाली माझं नाव नाही.

घरी जाऊन रडावं, तर घरीही भानुशेठ. आमच्या हिनं देवघर हवं म्हणून कधी नव्हे तो हट्ट धरला होता. मी पेट्या बनवणारा माणूस, म्हटलं करतो, सवड काढतो. सवड काढेपर्यंत वर्ष गेलं. एका दिवाळीला भानुशेठच्या टेम्पोतून देवघर येऊन दारात उतरलं. न्यूझीलंडच्या पाइनचं, दोन कमानींचं, कळसासकट. हिनं त्याच्या बायकोपाशी एका शब्दानं काढलं होतं म्हणे. तेव्हापासून माझ्या घरात माझ्या देवांच्या डोक्यावर त्याच्या लाकडाचं छप्पर. रोज सकाळी समई लावली की ऊब लागून त्या लाकडाचा राळेचा वास घरभर सुटतो. वर ही म्हणते, भानुभाऊंचं काम बघा. मी डोळे मिटून हात जोडतो. देवाला वाटतं भक्ती चाललीय.

तुम्ही म्हणाल, हा माणूस कधी चुकलाच नाही का? चुकला की. आणि तीच तर माझ्या आयुष्यातली सर्वांत जळजळीत घटना. धाकट्याची चलती ऐन भरात असताना भानुशेठनं उजवं कोपर असं काही रोवलं की खुर्चीला खड्डा पडेल. किडा एवढ्यात मरत नाही, जर्मनी असाच स्वस्तात विकत राहणार, असं सगळ्या गल्लीला सांगून त्यानं आपल्याकडचा न्यूझीलंडचा सगळा साठा काढून टाकला. घेतला कोणी? मी. पुढच्याच मोसमात जर्मनीचं लाकूड असं महागलं की भानुशेठच्या दारात शुकशुकाट, आणि माझ्याकडं गिऱ्हाइकांची रांग चाकणच्या चौकापर्यंत. बरं, अर्ध्या वाटेपर्यंत.

मी पेढे आणले. मोठा खोका. पहिला पेढा मुद्दाम त्याला द्यायला गेलो, म्हटलं बघू तरी तोंड कसं होतं. त्यानं दोन खाल्ले, बोटं चाटली, माझ्या हातातला खोका घेतला आणि बूट फटफटवत गल्लीत निघाला. प्रत्येक शेडपुढं थांबून सांगत सुटला, घ्या पेढा, माझ्या लाकडानं आपला बार्शीकर तरला. लोकांनी पेढे खाल्ले आणि अभिनंदन कुणाचं केलं? त्याचं. वाह भानुशेठ, शेजाऱ्याला घालून स्वतः तोट्यात गेलास, असं मन पाहिजे. एकानं तर त्याला शाल घालायचं काढलं होतं. बरोबर ठरून तो मोठा व्हायचाच, चुकूनही मोठाच व्हायचा. अशा माणसाशी स्पर्धा करायची तरी कशी?

ती संधी सोनकांबळे मॅडमनी दिली. मॅडम एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागाच्या प्रमुख. वडील पिंपरीत कारखान्यात कामगार होते, लहानपण कामगार वसाहतीत गेलेलं, त्यामुळं कुणी फुगवून सांगितलं तर हवा कुठून भरली ते त्यांना लगेच दिसायचं. त्यांच्याकडं वर्षभराच्या जड पेट्यांचं काम निघालं. असं काम की ते मिळालं तर मी भाड्याची शेड सोडून स्वतःची बांधली असती. दावेदार दोघंच, भानुशेठ आणि मी. मॅडम दोघांनाही एकच सांगून गेल्या: "पेटी काय, कोणीही ठोकतो. वर्षभर लाकूड कुठून आणायचं हे ज्याला कळतं, त्याला मी काम देणार." येत्या गुरुवारी, म्हणजे आमच्या पट्ट्यात वीज बंद असते त्या सुट्टीच्या दिवशी, निवांत येऊन दोन्ही शेड बघणार होत्या.

आणि इथं माझ्या डोक्यात उजेड पडला. बरेच दिवस मी भानुशेठच्या नाकावर पाळत ठेवून होतो, आणि एक गोष्ट ध्यानात आली होती. कच्छच्या नंबरचा ट्रक आला की तो म्हणायचा थोरला. पनवेलच्या नंबरचा आला की धाकटा. अरे, हे तर उघड होतं! थोरला उतरतो कांडल्याला, तर त्याचा ट्रक तिकडचाच असणार. धाकटा उतरतो न्हावाशेवाला, तर त्याचा ट्रक पनवेलचा. गडी वास घेतच नव्हता. प्रदक्षिणा घालताना नंबरप्लेट वाचत होता. एवढी वर्षं आमची अख्खी गल्ली त्या नाकापुढं नतमस्तक होती, आणि नाक बिचारं नुसतंच वाऱ्यावर.

मी त्या दिवशी घरी गेलो तो तरंगतच. देवघरापुढंसुद्धा हसलो.

बेत साधा होता. कच्छचा कानजीभाई नावाचा ड्रायव्हर आमच्याकडं नेहमी न्यूझीलंडचा माल आणायचा. त्याचा ट्रक मोशीत रिकामा झाला होता. त्याला मी पनवेलजवळ कळंबोलीला पाठवलं, तिथल्या गोदामातून माझा जर्मनीचा माल भरायला लावला आणि गुरुवारी सकाळी यायला सांगितलं. म्हणजे ट्रक थोरल्याचा, पोटात धाकटा. माझ्या माणसांच्या तोंडाला कुलूप लावलं. हमालांना वडापाव, सुपरवायझरला शपथ, हिला तर काही सांगितलंच नाही, कारण ती सरळ भानुवहिनीला फोन करते. कानजीभाईला मात्र सगळा बेत मोकळेपणानं सांगितला, कोणाची जिरवायची, का जिरवायची, कशी जिरवायची. तो रस्त्यावरचा माणूस, आज इथं, उद्या कच्छात. त्याच्यापासून काय लपवायचं? तो एवढा हसला की त्याच्या नाकातून चहा आला. म्हणाला, सेठ, आप को इतना शौक है तो चलो.

गुरुवार उजाडला. वीज नाही, कटर बंद, गल्ली कशी देवळासारखी गप्प. सोनकांबळे मॅडम आल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि सहज म्हणावं तसं म्हटलं की आमच्या भानुशेठचं नाक एकदा बघाच, आत्ता माझा ट्रक येतोय. मॅडमना कौतुक वाटलं. भानुशेठ तेवढ्यात नाक्यावरच्या टपरीवरून मिशा पुसत आला. त्याच्या शेडमध्ये चहा व्हायचा, वहिनी घरून थर्मास पाठवायची, तरी सकाळचा चहा हा नाक्यावर उभा राहूनच घ्यायचा. गप्पांची खोड, दुसरं काय. मागोमाग कानजीभाईचा ट्रक गल्लीत वळला. सुट्टी असूनही माणसं जमलीच.

भानुशेठनं प्रदक्षिणा सुरू केली. नंबरप्लेटपाशी आल्यावर त्याची नजर खाली गेलेली मी स्वच्छ पाहिली. तो मागं आला. डोळे मिटले. नाक खुपसलं. पंप चालू झाला, बंद झाला. मग त्यानं डोळे उघडले आणि थेट माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"धाकटा," तो म्हणाला. "पन थोरल्याच्या गाडीत बसून आलाय. साडूसाडूंची दिलजमाई झाली वाटतं, बार्शीकर."

हमालांनी दोर सोडले. पांढरी, बारीक कड्यांची जर्मन फळी सगळ्यांना हसताना दिसली. मला तर दात विचकताना दिसली. टाळ्या अशा वाजल्या की रस्त्यापलीकडच्या सोसायटीतली माणसं गॅलऱ्यांमध्ये आली. लोक म्हणायला लागले, यानं लाकूड तर ओळखलंच, वर गाडीची लबाडीसुद्धा हुंगली. मॅडम हसल्या फक्त. दुसऱ्या दिवशी काम भानुशेठला मिळालं.

आणि तिसऱ्या दिवशी भानुशेठ पत्रा वाजवून माझ्या शेडमध्ये आला. स्टुलावर बसला, न बांधलेल्या नाड्या लोंबत होत्या. म्हणाला, "मॅडमशी बोललोय. निम्मं काम तुमी करा. जड पेट्या तुमच्यावानी माझ्याकडं कुनाला जमत न्हाईत." एवढं बोलून उठला आणि गेला. जाताना माझ्या टेबलावरच्या त्या आलेखाला बोट लावून पुढं गेला, हिरव्या रेघेवर.

त्या निम्म्या कामावर माझी स्वतःची शेड उभी राहिली, हे मला नाकारता येत नाही. फार प्रयत्न केला. पण भिंतीतली प्रत्येक वीट आमची ही मला दाखवत असते की भानुभाऊंमुळं. नुसतं हरवलं असतं तर मी विसरलो असतो. हरवून वर वाटा दिला, हे कसं विसरणार? रात्री कूस बदलली की तो वाटा टोचायचा.

त्यानंतर फार वर्षं गेली नाहीत. भानुशेठची जमीन मोठ्या बिल्डरला गेली. ज्या जागी आज्याचा कांदा, मग नातवाच्या पेट्या, तिथं आता टॉवर आहे आणि त्याच्या गेटवर उंच पाम लावलेत, ज्यांना लाकूडच नसतं. भानुशेठ पुनावळ्याला मुलीकडं राहायला गेला. पट्ट्यात आता सर्वांत मोठी शेड माझी आहे. न्यूझीलंडचं घ्यावं की जर्मनीचं, हे विचारायला लोक माझ्याकडं येतात. मी कॉम्प्युटर उघडून दोन रेघा दाखवतो. ते नम्रपणे बघतात, आणि जाताना हळूच विचारतात, भानुशेठचा काही फोन?

मागच्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन पुनावळ्याला गेलो. कितव्या मजल्यावर विचारू नका, लिफ्टमध्ये कान बंद झाले. मुलीचा फ्लॅट चकाचक. कपाटं, पलंग, टीव्हीखालचं टेबल, सगळं दाबलेल्या भुशाचं, वर लाकडाचं चित्र चिकटवलेलं. अख्ख्या घरात खरं लाकूड एकच, गॅलरीत मांडलेली ती खुर्ची. भानुशेठ तिच्यात बसला होता. टोपी तीच, पायात मात्र रबरी चपला. खुर्चीचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्याची दोन्ही कोपरं मांडीत. खाली महामार्गावर मालाचे ट्रक मुंगीएवढे दिसत होते. मी मनात म्हटलं, एवढ्या उंचीवरून नंबरप्लेट काय वाचणार.

धंद्याचं विचारलं त्यानं. थोरला कसा हाय, धाकटा काय म्हनतो. मी सांगितलं. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकर मारली. त्याची पाठ जरा वाकली होती, आणि वारं आलं की टोपी धरायला हात आधीइतका पटकन वर जात नव्हता. माझ्या पोटातली ती जुनी आग तरीही होती तिथंच. मला एकदाच, निदान आता तरी, छडा लावायचा होता. हे नाक खरं होतं की नव्हतं.

म्हटलं, "भानुशेठ, आता लपवू नका. त्या गुरुवारी कच्छच्या ट्रकात जर्मनीचं लाकूड होतं. ताडपत्री बंद. नंबर तुम्ही वाचला, मी पाहिलं. तरी धाकटा म्हणालात. वासावरून कळलं?"

भानुशेठनं बशी खुर्चीच्या उजव्या हातावर ठेवली.

"न्हाई," तो म्हणाला. "नाक्यावर चहा पिताना कानजीभाईला इचारलं."